बाहेरच्या खोलीत मी काय बोलले

मंगळवार होता. संध्याकाळी छाया तिच्या नवऱ्याबरोबर दवाखान्यात आली. ती आत डॉक्टरांशी बोलत होती, तेव्हा बाहेर मी तिच्या नवऱ्याशी बोलले. मग ती दोघं घरी गेली. त्यानंतर छाया दवाखान्यात आली नाही.

मी काय बोलले ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलाला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच, आणि ते सात महिन्यांपूर्वी गेले. आता लिहिते आहे. सावकाश लिहिते आहे, कारण घाईनं लिहिलं की मी स्वतःची बाजू घेते. दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा मी त्यात बरी बाई निघाले होते.

डॉक्टर म्हणजे माझा नवरा. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. आम्ही अकोल्याचे. लग्नानंतर दोन वर्षांनी सुरतेला आलो आणि उधन्यात दवाखाना टाकला. दोन खोल्या — आतली तपासणीची, बाहेरची बसायची. पेशंट बहुतेक आपलीच माणसं, जालन्याची, बुलढाण्याची, वाशीमची. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, बायका घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या. मी सकाळी मराठी शाळेत शिकवत असे आणि संध्याकाळी दवाखान्यात बाहेर बसत असे. केसपेपर काढणं, नंबर लावणं, वजन घेणं. एवढंच काम — असं लोकांना वाटे.

दुसरं एक काम होतं. ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

फार पूर्वी डॉक्टरांनी एका बाईला चार वर्षं डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या. पाचव्या वर्षी ती घरात जळाली. स्टोव्ह, घरचे म्हणाले. तिचे जुने कागद काढून डॉक्टर दोन दिवस वाचत बसले होते. त्यानंतर ते बायकांना विचारू लागले. कोणाला विचारायचं हे त्यांनी हळूहळू बसवलं होतं, आणि एकदा जेवताना मलाही सांगितलं होतं. खरंच पडलेली बाई हात पुढे करून पडते, तिचे तळवे आणि गुडघे सोलवटतात. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटं उमटत नाहीत. मार आजचा म्हणतात आणि डाग पिवळा पडलेला असतो. प्रश्न बाईला विचारावा आणि उत्तर नवऱ्यानं द्यावं. झोप नाही, भूक नाही, कुठे दुखतं ते नीट सांगता येत नाही, आणि तरी दर पंधरा दिवसांनी ती येतेच. असं दिसलं की तिला एकटीला विचारायचं. नवऱ्यासमोर कधीच नाही. सासूसमोरही नाही. ते सरळ विचारत — "मी हे पुष्कळ बायकांना विचारतो, म्हणून तुलाही विचारतो. घरी कोणी मारतं का?" ती नाही म्हणाली तर तिथेच सोडून देत, पण दार उघडं ठेवत. हो म्हणाली तर तू का राहतेस, तू काय केलंस, असलं काही विचारत नसत. आज घरी जायला भीती वाटते का, एवढं आधी विचारत. तिच्या शब्दांत लिहून घेत, तारीख घालत, कुठे लागलंय ते माणसाची आकृती काढून त्यावर दाखवत. ती वही कुलपात असे. तिचा कागद तिच्याबरोबर घरी जात नसे.

हे सगळं व्हायचं तर नवरा बाहेर हवा. आणि तो बाहेर कसा राहणार? — त्यासाठी मी. डॉक्टर आतून हाक मारत, "यांचं वजन घे, आणि फॉर्म भर." तो फॉर्म मीच तयार केला होता. वडिलांना काय आजार, आजोबांना काय, झोप किती, तंबाखू किती, गावचं पाणी कसलं. शिक्षिकेचं डोकं, तीस प्रश्न काढले होते. माणूस स्वतःबद्दल विचारलं की खुलतो. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. डॉक्टर मला एकदाच म्हणाले होते, "आत काय चालतं ते बाहेर कळलं नाही पाहिजे. एवढं एक तू बघ."

मी बघत असे. नऊ वर्षं बघितलं. हे सांगते आहे ते कौतुकासाठी नाही — मला नेमकं काय माहीत होतं, ते तुम्हाला कळावं म्हणून.

छाया आली तेव्हा तिशीची असेल. बोटांच्या पेरांना कात्रीचे घट्टे, बोलणं खालच्या आवाजात. तिची मुलगी माझ्या शाळेत तिसरीत होती. नवरा दत्ता लूमच्या खात्यात मास्टर — म्हणजे दहा-बारा कारागिरांवरचा माणूस. हसरा. बाहेरच्या बाकावरच्या बायका त्याला ओळखत आणि त्याच्या बोलण्यावर हसत. तो बायकोला स्वतः दवाखान्यात घेऊन येई. बाकीच्या बायका छायाला म्हणत, नशीबवान आहेस बाई. पहिल्यांदा ती मनगट सुजवून आली. दुसऱ्यांदा बरगडी. तिसऱ्या खेपेला आतून हाक आली, "यांचं वजन घे, आणि फॉर्म भर."

आता इथून मला लिहिणं जड जातं.

दोन खोल्यांमधलं दार लाकडाचं होतं आणि खाली बोटभर फट होती. माझी खुर्ची दाराला लागून. नवरा समोरच्या बाकावर, पंख्याच्या आवाजात, त्याला काही ऐकू येत नसे. मला येई. इतक्या वर्षांत मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकले होते. छायाच्या वेळी मी ऐकू लागले. तिचं नाही — डॉक्टरांचं. "घाई नाही," ते म्हणत. "तुला जमेल तसं सांग." मग कितीतरी वेळ गप्प राहून ते तिचं ऐकत. मग म्हणत, "तुला काय हवंय? मला काय वाटतं ते सोड. तुला काय हवंय?"

त्या वर्षी माझी आई गेली. तेरावं करून मी अकोल्याहून परत आले. डॉक्टरांनी वर्तमानपत्रातून मान वर केली, "जेवलीस का?" म्हणाले, आणि पान उलटलं. वाईट माणूस नव्हता हो. दिवसभर ऐकून ऐकून रिकामा होऊन घरी येणारा माणूस. पण मला दारापलीकडचा तो आवाज ऐकू येई, आणि तो आवाज माझ्या घरात कधी आला नव्हता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. तुला काय हवंय, असं मला त्यांनी विचारल्याचं आठवत नव्हतं.

तर — मला हेवा वाटला. वाचताना तुम्हाला विचित्र वाटेल. दोघांत तसलं काही होतं असा संशय मला कधीच आला नाही. तसा संशय असता तर एक वेळ समजून तरी घेता आलं असतं. बरगडी मोडलेल्या बाईचा मी हेवा केला, कारण तिला वीस मिनिटं मिळत होती. ती आतून डोळे पुसत बाहेर आली की मला वाटे, हिला आणखी काय पाहिजे? आणि तिनं "येते वहिनी" म्हटलं की मी मान हलवत असे आणि मुद्दाम तिच्याकडे पाहत नसे. एवढं करायलाही मला बरं वाटे.

त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी छाया एकटीच आली होती, मुलीला ताप आहे म्हणून. मी दाराशी ऐकलं. शनिवारी, म्हणजे आठ दिवसांनी, तिचा भाऊ गावाहून येणार होता. दत्ताची दिवसपाळी असताना तो तिला आणि मुलीला घेऊन जाणार होता. मंगळवारी ती शेवटची येणार होती. डॉक्टर तिला वहीतल्या नोंदींची नक्कल सहीशिक्क्यानिशी करून देणार होते — ती घरी न नेता भावानं कुठून घ्यायची, तेही ठरलं होतं. डॉक्टर त्या दिवशी घरी शीळ घालत आले. माझ्या घरात मी ती शीळ ऐकली. आणि तांदूळ धुता धुता माझ्या मनात एक वाक्य तयार झालं.

नीट वाचा. शुक्रवारी तयार झालं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तोंडातून निघून गेलं. थट्टेत निघून गेलं. तसं नाही. शनिवार, रविवार, सोमवार मी ते वाक्य बाळगलं. भाजी चिरताना बोलून पाहिलं. त्यात "तारखेसकट" हा शब्द मी सोमवारी घातला.

मंगळवारी दत्ता वजनकाट्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "काटा जरा मागं घ्या ना वहिनी. सासरवाडीला कळलं तर म्हणतील, जावई फुगला अन् पोरगी वाळली." बाकावरच्या दोघी हसल्या. मी फॉर्म काढला. वडिलांना शुगर होती का? "शुगर कुठली वहिनी, माझ्या बापाला धड गूळ मिळाला नाही." पुन्हा हशा. झोप किती? "मशीन बंद पडली की जाग येते, चालू असली की झोप." असा तो. सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत होता. माझे अजून चौदा प्रश्न बाकी होते. आणखी दहा मिनिटं आरामात निघाली असती.

तो दाराकडे बघून म्हणाला, "डॉक्टरसाहेब बायकोला डॉक्टर करूनच बाहेर सोडणार वाटतं. चला, मग आपली दवा फुकट. बरोबर ना, वहिनी?"

मी पेन खाली ठेवलं. हसले. आणि म्हणाले, "बोलते हो तुमची बायको. आत बायका नवऱ्याबद्दल नाही तर कशाबद्दल बोलणार? डॉक्टर सगळं लिहून घेतात — तारखेसकट."

हेच ते. एवढंच. सुरात थट्टा होती. बाकावरची एक जण हसलीसुद्धा.

दत्ता अजून क्षणभर हसत राहिला, मग तोंड तसंच राहिलं आणि त्यातलं हसू गेलं. "हो का," म्हणाला. मग सौम्यपणे, "पाणी मिळेल का, वहिनी?"

मी त्याला पाणी दिलं.

छाया बाहेर यायला अजून पाच-सात मिनिटं होती. हे मी कधीच विसरत नाही. मी आत जाऊन एक शब्द बोलले असते, आज हिला घरी पाठवू नका, तर डॉक्टरांनी काहीतरी केलं असतं. सलाईन लावलं असतं, रात्रभर कुठेतरी भरती करायला सांगितलं असतं. त्यांच्याकडे असल्या दहा वाटा होत्या. मी उठले नाही. त्याचा पेला विसळून जागेवर ठेवला. मला भीती वाटत होती का? नाही. मला बघायचं होतं. काय बघायचं होतं, ते आजही सांगता येत नाही, पण मी दाराकडे बघत बसले होते.

छाया बाहेर आली. दत्तानं तिच्या हातातली पिशवी घेतली. त्यानं कधी तिची पिशवी घेतली नव्हती. "चल, दमली असशील," म्हणाला. बाकावरची म्हणाली, नशीबवान बाई आहे.

पुढच्या सोमवारी त्यांच्या चाळीतली एक बाई खोकल्यासाठी आली. नंबर यायच्या आधीच माझ्याजवळ सरकून बोलू लागली. "छायाचं कळलं का वहिनी? लई मारलं हो. कानावरच मारत होता, दुसरीकडं नाही. म्हणे, डॉक्टरचं ऐकती ना तू, घे ऐक आता. आख्खी चाळ बाहेर उभी होती, पण दार कोण वाजवणार? नवरा-बायकोचं. डावा कान गेला तिचा, पू अन् रक्त. शनिवारी भाऊ आला, घेऊन गेला तिला. पोरगी नाही दिली यानं. म्हणे, जा तू, तारखा घेऊन जा."

तारखा घेऊन जा. सांगणारीला त्या शब्दाचा अर्थ कळला नव्हता. तिनं तो जसा ऐकला तसा सांगितला.

तिनं तेच आत डॉक्टरांनाही सांगितलं. मी फटीतून ऐकलं. डॉक्टरांनी तिला खोकल्याचं औषध लिहून दिलं. उरलेले सगळे पेशंट तपासले. घरी आल्यावर म्हणाले, "मी फार वेळ घेतला. वीस मिनिटं. त्याला संशय आला असणार." मी कणीक मळत होते. कणकेतून हात न काढता म्हणाले, "कुणास ठाऊक."

तुम्हाला पहिलं वाक्य जास्त वाईट वाटेल. मला हे दुसरं वाटतं.

त्यानंतर डॉक्टरांनी कोणाला बाहेर पाठवलं नाही. माझे फॉर्म ड्रॉवरमध्ये पिवळे पडले. बायका येत राहिल्या. न्हाणीत पडले, कपाट लागलं, दार लागलं. ते दंड बघत, दंडाची आतली बाजू बघत — मला बाहेर बसून कळे की बघताहेत, कारण ते गप्प होत — आणि मग वेदनाशामक लिहून देत. नवरा शेजारी बसलेला असे आणि सगळं तोच सांगे. दहा वर्षं. किती बायका झाल्या असतील? मी मोजल्या नाहीत. मोजता आल्या असत्या. केसपेपर मीच काढत होते.

छायाची मुलगी पुढच्या वर्षी माझ्याच वर्गात आली. स्वतःची वेणी स्वतः घालून येई, भांग वाकडा. एकदा "माझी आई" असा निबंध होता, तिनं कोरी वही दिली. मी त्या वहीवर शून्य लिहिलं आणि खाली सही केली. इतर मुलांच्या वेळी मी असं कधी करत नसे, विचारलं असतं. मला तिला विचारायचं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघू नये, असं मला वाटायचं, आणि शून्य मिळालेलं पोर वर बघत नाही.

अजून एक राहिलं. ते सांगून थांबते.

तीन-चार वर्षांनी शहरातल्या फॅमिली डॉक्टरांची एक सभा होती. तरुण डॉक्टर पुष्कळ, चाळीसेक असतील. जुन्या डॉक्टरांपैकी एकाजवळ हे पूर्वी कधी बोलले होते, त्याला आठवत होतं की उधन्याचे डॉक्टर हे काम फार चांगलं करतात, म्हणून घरात मार खाणाऱ्या बायका कशा ओळखाव्यात, त्यांना कसं विचारावं, यावर बोलायला यांना बोलावलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. डॉक्टरांनी टिपणं नेली होती. ती त्यांनी उघडली नाहीत. खुणा सांगितल्या, त्या सगळ्या नीट सांगितल्या. मग म्हणाले, हे सगळं दिसेल तुम्हाला. पण विचारू नका. तुम्ही विचारून आपल्या घरी जाता. ती तिच्या घरी जाते. मी एकीला विचारलं आणि माझ्या विचारण्यापायी तिचा कान गेला, मूल गेलं.

एक मुलगी उभी राहिली. नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेली असावी. "पण सर, विचारलंच नाही तर मदत कशी करणार?"

"मलम लावा," डॉक्टर म्हणाले. "तेवढंच आपल्या हातात आहे."

ती मुलगी खाली बसली. तिनं वहीत लिहिलेलं काहीतरी खोडलं — मला दिसलं. मी उठून एवढं म्हणायला हवं होतं, की तुमच्या विचारण्यात चूक नव्हती. ते बाहेरून फुटलं, आणि फोडणारी मी. त्या बाईला वीस मिनिटं मिळाली म्हणून ती निघायला तयार झाली होती. चार दिवस राहिले होते. चाळीस माणसं बसलेली, वर पंखे, माईक चालू. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

गेल्या वर्षी डॉक्टरांच्या किडन्या गेल्या. शेवटचे तीन महिने घरीच होते. छायाची आठवण काढत. एका दुपारी मी उशी सारखी करत होते, तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "तू बाहेरचं इतकी वर्षं नीट सांभाळलंस. कधी एक शब्द बाहेर गेला नाही. चूक झाली ती आत झाली. माझी."

लग्न झाल्यापासून त्यांनी माझं कौतुक केलं ते एवढंच. मी ते घेतलं. म्हणाले, "आता पडा." चादर ओढली, पडदा लावला. त्या वेळीही मला भीती वाटत नव्हती. ते माझं चांगलं बोलत होते, आणि ते मला ऐकायचं होतं.

पाच दिवसांनी ते गेले.

दत्ता आता सुरतेजवळच्या सचिन गावी एका मोठ्या खात्यात आहे. मार्केटमध्ये भेटला की अजून वहिनी म्हणतो, डॉक्टर फार देवमाणूस होते म्हणतो. त्याची मुलगी वीस वर्षांची आहे आणि आईकडे कधी गेलेली नाही. छाया भावाच्या गावी राहते. तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. दवाखाना मी बंद केला. त्या सभेत बसलेले डॉक्टर सुरतेत ठिकठिकाणी प्रॅक्टिस करतात. त्यांच्याकडे रोज बायका येतात.